झाकणावरचं नाव

प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमधला हा गुलाबी द्रव म्हणजे पेशींचं खाणंपिणं. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतायत. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. झाकणावर मार्करनं लिहिलंय सेल लाइनचं, म्हणजे एकाच नमुन्यापासून वाढवत नेलेल्या पेशींच्या वंशाचं, नाव आणि तारीख. सगळं संशोधन या नावाच्या भरवशावर चालतं.

आता पिपेटचं टोक पाहा. बाटलीतून मीडियम, म्हणजे तोच गुलाबी द्रव, घेतलं, पेशींवर सोडलं, आणि तेच टोक पुन्हा बाटलीत बुडवलं. एवढंच. टोकाला लागून एखादी पेशी बाटलीत उतरली, की तिथून ती पुढच्या फ्लास्कमध्ये जाते. ती हेला या झपाट्यानं वाढणाऱ्या सेल लाइनची असेल, तर मूळच्या पेशींचं काही खरं नाही. हेला साधारण दिवसभरात दुप्पट होते. बघता बघता फ्लास्क तिचाच होतो. नाव मात्र जुनंच.

हेला 1951 सालची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेली, तीही त्यांना न विचारता. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेली माणसाची ही पहिली सेल लाइन जगभर वाटली गेली. 1966 मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या डझनाहून अधिक सेल लाइनमध्ये एका एन्झाइमचा एकच प्रकार आहे. हा प्रकार मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो. हेलातही तोच. यकृताची म्हणून नावाजलेली चँग लिव्हर, स्वरयंत्राची म्हणवली जाणारी हेप-2, दोन्ही हेलाच निघाल्या.

अशा चुकीच्या नावाच्या पेशींवर बेतलेले 32,755 शोधनिबंध 2017 मध्ये मोजले गेले.

पडद्यावरचे हे रंगीत उंचवटे म्हणजे एसटीआर चाचणी. डीएनएमध्ये ठरावीक जागी तेच ते छोटे तुकडे एकापाठोपाठ एक येतात. कुठे 9 वेळा, कुठे 13. अशा बऱ्याच जागांचे आकडे एकत्र घेतले, की माणसाची ओळख पटते. गुन्ह्याच्या तपासातही हेच करतात. पेशी बाहेरून आल्या की आधी ही चाचणी, गोठवण्याआधी पुन्हा, आणि निबंध पाठवण्याआधी आणखी एकदा. यात सवलत नको, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

प्रयोगशाळेतली संशोधक नोंदीतला आकडा वाचते, मग पडद्यावरचा. पहिल्या जागेवर जुळला. दुसऱ्या जागेवर नाही. तिसऱ्याही नाही. ती फ्लास्क बाजूला ठेवते, मार्कर उघडते आणि झाकणावरचं नाव खोडते.