दिवा, चेंडू आणि पहिला भाग

[दृश्य : अंधारी खोली. टेबलाच्या मधोमध ठेवलेला एक दिवा लागतो.]

दिव्याभोवती एक हात संथपणे चेंडू फिरवत आहे. चेंडूतून विणकामाची सुई आरपार घातलेली असून ती सरळ उभी नाही. समोरच्या खिडकीकडे ती थोडी कललेली आहे, आणि चेंडू दिव्याच्या अलीकडे असो वा पलीकडे, तिचा कल खिडकीकडेच राहतो. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी सुरू होत असलेल्या एका विज्ञानविषयक व्हिडिओ चॅनेलचा पहिला भाग या टेबलावर आकार घेत आहे. त्याचा विषय आहे : ऋतू का बदलतात? दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे पृथ्वी आणि सुई म्हणजे पृथ्वीचा अक्ष, अर्थात ज्या काल्पनिक रेषेभोवती ती स्वतः फिरते ती रेषा.

शाळेत शिकून झालेला हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, अशी बहुतेकांची खात्री असते. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, असे अनेक जण क्षणाचाही विचार न करता सांगतात. १९८७ साली तयार झालेल्या एका माहितीपटासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतूंबद्दल किंवा चंद्राच्या कलांबद्दल विचारण्यात आले, तेव्हा त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकली. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर, आणि नेमका तेव्हाच उत्तर गोलार्धात हिवाळा असतो.

[दृश्य : संहितेचा कागद. पहिल्या परिच्छेदावर आडवी रेघ मारलेली दिसते.]

संहितेच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात व्याख्येने झाली होती. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, हे पहिल्याच वाक्यात होते. वाक्य अचूक होते, भाषाही स्वच्छ होती. तरीही ते खोडावे लागले, आणि त्यामागे डेरेक मुलर यांचे संशोधन आहे. मुलर यांनी सिडनी विद्यापीठातून भौतिकशास्त्राच्या शैक्षणिक चित्रफितींवर पीएच. डी. केली आणि पुढे २०११ मध्ये स्वतःचे विज्ञान चॅनेल सुरू केले. त्यांनी काही विद्यार्थ्यांना सरळ, सुबोध स्पष्टीकरणाची चित्रफीत दाखवली. विद्यार्थ्यांना ती आवडली, समजायला सोपी वाटली. मात्र नंतरच्या चाचणीत त्यांचे गुण जवळपास होते तेवढेच राहिले. दुसऱ्या चित्रफितीत प्रचलित गैरसमज आधी बोलून दाखवला होता आणि मग संवादातून तो तपासला होता. ही चित्रफीत विद्यार्थ्यांना गोंधळाची वाटली, पण गुण वाढले ते तिच्यामुळे. डोक्यात आधीपासून एक उत्तर तयार असेल, तर ऐकणारा नवे स्पष्टीकरणही त्याच उत्तराला जोडून घेतो आणि आपल्याला हे माहीतच होते असे समजून पुढे जातो.

म्हणून आता पहिला भाग प्रश्नाने सुरू होतो आणि प्रश्नानंतर पाच सेकंद कोणीही बोलत नाही. प्रेक्षकाने तेवढ्या वेळात मनाशी स्वतःचे उत्तर ठरवावे, एवढीच अपेक्षा आहे. संकलनाच्या वेळी ही शांतता कापून टाकण्याचा मोह प्रत्येक वेळी होतो, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात कंटाळलेला प्रेक्षक परत येत नाही, ही भीती अगदीच निराधार नाही. तरीसुद्धा ती पाच सेकंदे ठेवायलाच हवीत, असे मला ठामपणे वाटते.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीच्या कक्षेचे सचलचित्र. कक्षा लांबट, अंड्यासारखी दिसते.]

खरी अडचण चित्रात निघाली. कक्षेचे पहिले सचलचित्र बाजूने, तिरक्या कोनातून पाहिल्यासारखे तयार झाले होते. दिसायला ते सुंदर होते, पण तिरक्या कोनातून वर्तुळही लांबट दिसते. त्यामुळे पृथ्वी एका टोकाला सूर्याजवळ येते आणि दुसऱ्या टोकाला दूर जाते, असे पाहणाऱ्याला वाटणारच. जो गैरसमज दूर करायचा, तोच आमचे चित्र पक्का करत होते. खऱ्या प्रमाणात, १० सेंटिमीटर रुंदीची कक्षा कागदावर काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतील फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी भरतो, आणि सूर्याची जागा केंद्रापासून एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. एरवी शब्द न् शब्द तपासून घेणारी माणसेही चित्राकडे केवळ सजावट म्हणून पाहतात. प्रेक्षकाच्या लक्षात मात्र चित्रच राहते. ते सचलचित्र रद्द करून कक्षा थेट वरून दिसेल अशी नव्याने काढली गेली.

[दृश्य : कागदावर विजेरीचा प्रकाश. आधी गोल, लख्ख ठिपका. विजेरी कलताच तो लांबट आणि फिकट होतो.]

उरलेले स्पष्टीकरण विजेरी करते. प्रकाश सरळ पडला की छोटे, लख्ख वर्तुळ दिसते. विजेरी कलवून किरण कागदाशी ३० अंशांचा कोन करतील अशी धरली, तर तेवढाच प्रकाश सुमारे दुप्पट जागेवर पसरतो आणि फिकट होतो. अक्षाच्या कलामुळे पृथ्वीचा जो गोलार्ध सूर्यापासून दूर झुकलेला असतो, तिथे हिवाळा असतो. तिथले ऊन असेच तिरपे असते, शिवाय दिवसही लहान असतो.

हे सारे संगणकावरही दाखवता आले असते. पण हातातील वस्तूचा परिणाम वेगळा असतो, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांना तो फार चांगला ठाऊक होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत १८२५ साली विज्ञानावरील नाताळची व्याख्याने सुरू झाली. त्यांपैकी १९ मालिका एकट्या फॅरडे यांनी दिल्या, आणि साध्या मेणबत्तीवर मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीतून वर चढणाऱ्या धुरात पेटती काडी नेली, की वातीला काडी न लागताच ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे त्यानंतर वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

[दृश्य : जाड रजया टांगलेली भिंत, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक.]

ध्वनिमुद्रणासाठी वेगळा स्टुडिओ नाही. रजयांमुळे आवाज घुमत नाही, आणि चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ आवाज अधिक गरजेचा आहे.

संहिता चित्रीकरणापूर्वी एका खगोलशास्त्राच्या अभ्यासकाने आणि एका अशा व्यक्तीने वाचली, जिचा शाळेनंतर विज्ञानाशी संबंध आला नव्हता. अभ्यासकाने तीन ठिकाणी ‘सुमारे’ हा शब्द घालायला लावला. दुसऱ्या वाचकाने विचारले, की पृथ्वी फिरता फिरता अक्षाचा कल दुसरीकडे का वळत नाही? संहितेत याचे उत्तर नव्हते. स्वतःभोवती फिरणारी वस्तू बाहेरून पीळ पडल्याखेरीज अक्षाची दिशा सोडत नाही आणि पृथ्वीच्या बाबतीत ती दिशा इतकी हळू बदलते, की एक फेरा पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात, हा भाग त्या प्रश्नामुळे जोडला गेला. सुईचा कल खिडकीकडेच ठेवायचा, हेही तेव्हाच ठरले. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही, त्यामुळे ही तपासणी आधीच व्हायला हवी होती.

[दृश्य : पुन्हा अंधारी खोली. दिवा, चेंडू, हात.]

आता चित्रीकरणाची शेवटची फेरी आहे. चेंडू दिव्याच्या पलीकडे थांबला आहे, सुई खिडकीकडे कललेली आहे. निवेदक विचारतो : पृथ्वीवर उन्हाळा आणि हिवाळा कशामुळे होतात?

[पाच सेकंद शांतता.]