तापाआधी श्वास मोजा

नमस्कार श्रोतेहो.

मूल आजारी पडले की आपल्या घरांत हात सर्वांत आधी कपाळाकडे जातो. अंग किती तापले आहे यावरून आजार किती मोठा हे ठरवण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की दवाखान्यात आल्यावरही पालक पहिले वाक्य तापाचेच सांगतात. मुलांवर उपचार करताना मला मात्र १०३ अंश ताप असूनही आईच्या कडेवरून माझा स्टेथोस्कोप ओढू पाहणाऱ्या मुलाची तेवढी काळजी वाटत नाही, जेवढी ९९ अंश तापातही मलूल पडलेल्या आणि तपासताना रडतही नसलेल्या मुलाची वाटते. सुई पाहून किंचाळणारे मूल सगळा दवाखाना डोक्यावर घेते हे खरे, पण किंचाळायला श्वास लागतो, ताकद लागते आणि भानही लागते.

आधी श्वासाविषयी. थंडीच्या दिवसांत रात्री एखादे तान्हे बाळ आणले जाते, तेव्हा ते शाल, दुपटे, स्वेटर आणि कानटोपी यांच्या आत कुठेतरी असते. एकेक थर काढत शेवटचे झबले वर केले की मग दिसते: प्रत्येक श्वासासरशी बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो आहे, नाकपुड्या फुलत आहेत आणि श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो आहे. आपण याला ‘पोट उडते’ म्हणतो. घरातील चार माणसांनी दिवसभर त्या बाळाला मांडीवर घेतलेले असते, पण कपडे काढून छाती कोणीच पाहिलेली नसते, कारण खोकल्याच्या बाळाला उघडे करायचे नाही असे आपल्याला सांगितलेले असते. एक मिनिट उघडे केल्याने काहीही बिघडत नाही.

त्याच मिनिटात श्वास मोजावेत. मूल शांत असताना किंवा झोपेत, मोबाइलवर सेकंद लावून, पूर्ण एक मिनिट मोजावेत. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर खोकल्याबरोबर ते न्यूमोनियाचे लक्षण मानून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छाती आत ओढली जात असेल तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. हे मोजणे पदवीधरांचेच काम आहे असे कोणी समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दाईंना, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांनाही, मण्यांच्या साध्या साधनाने बाळाचे श्वास मोजायला शिकवले, आणि त्या कामातून न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाले. मेळघाटात मात्र आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देण्याचा, ‘डम्मा’ नावाने ओळखला जाणारा प्रकार अजूनही पूर्ण थांबलेला नाही. त्याने धाप तर कमी होत नाहीच, उलट जखम आणि उशीर या दोन गोष्टी वाढतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. जुलाब आणि उलट्यांमध्ये मूल दगावते ते बहुतेक वेळा अंगातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देऊन असंख्य जीव वाचवले. आजचे ओआरएस त्याच परंपरेतले आहे. चूक होते ती पाकीट कालवताना. एक लिटरचे पाकीट पेल्यात थोडे थोडे ओतून दिले जाते, आणि असे दाट मिश्रण मुलाला अपाय करते. अख्खे पाकीट मोजलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवावे आणि चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. तहानेने वाटीवर झडप घालणारे मूल घरी सांभाळता येण्याची शक्यता असते. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, चिमटीत धरलेली पोटाची कातडी लगेच पूर्ववत होत नाही आणि वाटी तोंडाशी नेली तरी मूल पीत नाही, ही स्थिती घरी थांबण्याची नव्हे. ग्लानीतल्या मुलाच्या तोंडात बळेच पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

तापात आकडी आली की घरात जो गोंधळ उडतो, तो मला चांगला ठाऊक आहे. कोणी दातांत चमचा घालते, कोणी कांदा नाही तर चप्पल हुंगवते. यातले काहीही न करता मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापामुळे येणारी आकडी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी तपासून घ्यावे.

तापाच्या औषधाबद्दल एक सूचना करतो. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत अनेकदा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या (सिरपच्या) बाटलीत तेवढेच औषध चार मिलिलिटरमध्ये असू शकते. सिरपऐवजी थेंबांची बाटली आली आणि माप तेच राहिले की मात्रा चौपट होते.

दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी श्वासांच्या आकड्याखेरीज वरचे कुठलेच हिशेब करत बसू नयेत. अंग तापले, किंवा उलट गार पडले, अथवा बाळाने दूध ओढणे सोडले, तर रात्र असली तरी निघावे. वाटेत बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून, वरून पांघरूण घालून न्यावे. धाप लागलेल्या मोठ्या मुलाला आडवे निजवू नये. ते ज्या पद्धतीने बसू पाहते तसेच बसू द्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत घरातील एकाने कागदावर मुलाचे वजन, दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात, औषधांच्या बाटल्या पिशवीत घ्याव्यात, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली हेही त्याच कागदावर लिहावे, कारण रुग्णालयात पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच ते विचारले जाते.