रशियाची थंडी उत्तरेला नाही, पूर्वेला वाढते

नमस्कार मंडळी. उत्तरेला गेलं की थंडी वाढते, हे शाळेत आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवतात ना, की नंतर निघतच नाही. आणि रशियाच्या हिवाळ्यात नेमकं तेच चालत नाही. रशियाच्या वायव्य टोकाचं मुर्मान्स्क बघा, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, जवळपास ६९ अंशांवर, तरी जानेवारीची सरासरी उणे १०च्या आसपास आणि बंदर हिवाळ्यातही चालू. पूर्व सायबेरियातलं याकुत्स्क त्याच्यापेक्षा सात अंश दक्षिणेला, आणि तिथे उणे ३७-३८! हे असं का, तेच आज सांगायचंय.

पण आधी शेर्गिनची विहीर, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्योदोर शेर्गिन हा रशियन-अमेरिकन कंपनी या व्यापारी कंपनीचा याकुत्स्कमधला माणूस. शेजारी एवढी मोठी लेना नदी, पण हिवाळ्यात पाणी हवं तर नदीवरचा बर्फ कापून आणायचा आणि घरात वितळवायचा. म्हणून यानं १८२८ मध्ये विहीर खणायला घेतली. आपल्याकडे विहीर कोरडी लागली म्हणजे पाणीच नाही, इथे पाणी होतं हो, पण सगळं मातीत गोठून बसलेलं, आणि खाली जावं तर तसंच, अजून खाली तसंच. १८३७ पर्यंत ११६ मीटर खोल गेले, तरी तळाला गोठलेलीच जमीन!

शेर्गिनला पाणी मिळालं नाही, पण १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ हा शास्त्रज्ञ तिथे पोचला आणि त्यानं त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. खाली जाताना ते वाढत होतं, तरी तळाशीही शून्याखालीच. जमीन एवढी खोल गोठते यावर युरोपातल्या काही नावाजलेल्या विद्वानांचा तोवर विश्वासच नव्हता, आणि पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यानं ते सिद्ध केलं, मला हे फार थोर वाटतं. आज रशियाची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन अशी कायम गोठलेल्या पट्ट्यात धरतात. याकुत्स्कच्या इमारती खांबांवर उभ्या असतात त्या यामुळेच, घराची ऊब खाली गेली तर जमीन वितळून इमारत खचेल.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, तर भरभर सांगतो. मुर्मान्स्कला अटलांटिकच्या उबदार प्रवाहाची ऊब मिळते. पश्चिमेचे वारे ती ऊब आत नेतात, उरल पर्वत बुटका, तो फारसं अडवत नाही, पण हजारो किलोमीटर जाता जाता ती संपते, म्हणून जानेवारीच्या समताप रेषा, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, नकाशावर बऱ्याच ठिकाणी आडव्या नाही, उभ्या दिसतात. पुढे सायबेरियावर थंड, जड हवेचा जास्त दाब ठाण मांडतो, आकाश निरभ्र, बर्फाळ जमीन उष्णता वर सोडत राहते. पॅसिफिक तर जवळ आहे ना, असं कुणीतरी विचारणारच, पण हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याची ऊब आत येणार कशी? शिवाय ओयम्याकोनसारख्या खोलगट दरीत ही जड हवा साचून राहते, तिथे १९३३ मध्ये उणे ६७.७ मोजलंय. दक्षिणेला मध्य आशियाचे डोंगर आणि हिमालय आहेत म्हणून ती हवा आपल्यापर्यंत पोचत नाही. आणि उन्हाळा? सायबेरियातल्याच वर्खोयान्स्कला २० जून २०२० ला ३८ अंश होतं, कारण तिथे समुद्राचा गारवाही पोचत नाही. प्रश्न असतील तर विचारा.