औषधाची किंमत कशावरून ठरवायची?

औषधाच्या पाकिटावरची किंमत कोण ठरवतं, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, ‘सरकार’. हे अर्धंच खरं आहे. २०२२ साली सुधारलेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ३८४ औषधं आहेत. यादीत दिलेल्या रूपात आणि मात्रेत विकली, तर त्यांना कमाल किमतीचं बंधन लागू होतं. बाकीच्या बहुतेक औषधांची एमआरपी कंपनीच ठरवते. वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, एवढीच अट.

आता ही कमाल किंमत काढतात कशी ते नीट बघा, कारण सगळा वाद तिथेच आहे. सरकारच्या औषध किंमत नियंत्रणाच्या १९९५च्या आदेशात उत्पादनाचा खर्च धरायचे आणि त्यावर जास्तीत जास्त १०० टक्के वाढ द्यायचे. २०१३च्या आदेशानं खर्चाचा हिशेबच काढून टाकला. बाजारात १ टक्का किंवा त्याहून जास्त वाटा असलेले ब्रँड घ्यायचे, दुकानदाराला ते ज्या भावात पडतात त्या भावांची साधी सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे. समजा, दुकानदाराला तीन ब्रँड १०, ३० आणि ५० रुपयांना पडतात. सरासरी ३०, कमाल किंमत ३४ रुपये ८० पैसे. दहा रुपयांत देणारी कंपनी दानधर्म करत नाही, तीही कमावतेच. तरी तिच्या तिप्पट भाव कायदेशीर ठरतो!

स्पर्धेनं भाव उतरतील, असं या पद्धतीचे समर्थक म्हणतात. टीव्ही घेताना आपण चार दुकानं फिरतो. औषधाच्या चिठ्ठीवर ब्रँड लिहितात डॉक्टर आणि पैसे मोजतो पेशंट. इथे स्पर्धा चालते ती डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची.

शिवाय पळवाट आहे. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन यादीत आहे, ग्लिमेपिराइडही आहे. दोन्हींची मिळून केलेली गोळी मात्र यादीत नाही, म्हणून तिला ही कमाल किंमत नाही. मधुमेहाच्या किती चिठ्ठ्यांवर अशा जोडगोळ्या असतात, ते तुमच्या घरातच तपासा.

सरकारला मनात आलं तर जमतं. फेब्रुवारी २०१७मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली. त्याआधी पेशंटकडून लाखाच्या वर घेतले जात. मधला नफा कुठे मुरत होता, हे तेव्हा सरकारी आकड्यांतूनच बाहेर आलं.

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. भाव फार दाबला, तर औषधच नाहीसं होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या. त्यांत बेंझाइल पेनिसिलिन होतं, दम्याचं साल्ब्युटामोल होतं, मानसिक आजारावरचं लिथियम होतं. कच्चा माल महागला, भाव त्या मानानं वाढला नाही, आणि कंपन्या उत्पादन बंद करू लागल्या.

म्हणजे एकीकडे तिप्पट भावाला मान्यता, दुसरीकडे खर्चही भरून न निघणारा भाव. मला ही दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. औषध बनवायला किती खर्च येतो, हे न विचारताच किंमत बांधली की दोन्ही होणारच. म्हणून माझी मागणी आहे: खर्चावर आधारलेली किंमत परत आणा, आणि यादीतल्या औषधांच्या जोडगोळ्याही तिच्याखाली घ्या.

आणि जिथे वाजवी भाव देऊनही कुणी बनवायला तयार नसेल, तिथे सरकारनं स्वतः बनवावं. हे काही स्वप्नरंजन नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच. तोच कारखाना वर्षानुवर्षं आजारी उद्योग म्हणून ढकलत ठेवायचा आणि दुसरीकडे पेनिसिलिन परवडत नाही म्हणून त्याची किंमत दीडपट करायची, हे धोरण मला मान्य नाही. आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारा.