सलग 502 सामने: ग्लेन हॉल यांची कारकीर्द

टॉप्स कंपनीने 1957-58 च्या हंगामात च्युइंग गमच्या पाकिटांतून विकलेल्या आइस हॉकी कार्डांपैकी हे विसाव्या क्रमांकाचे कार्ड आहे. अडीच बाय साडेतीन इंचांच्या या पुठ्ठ्यावर शिकागो ब्लॅक हॉक्स संघाचे गोलरक्षक ग्लेन हॉल आहेत. संग्राहक हे त्यांचे पहिले कार्ड मानतात, पण त्याआधीचे दोन पूर्ण हंगाम ते डेट्रॉइटकडून खेळले होते आणि 1956 मध्ये सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही त्यांनी मिळवली होती.

कॅनडातील सॅस्कॅचेवान प्रांतातल्या हम्बोल्ट गावी 1931 साली जन्मलेल्या हॉल यांना डेट्रॉइटने 1955 मध्ये कायमची जागा दिली, ती टेरी सॉचक यांच्यासारख्या थोर गोलरक्षकाला बॉस्टनला पाठवून. दोनच वर्षांनी, 1957 च्या उन्हाळ्यात, सॉचक यांना परत आणले गेले आणि हॉल यांची रवानगी टेड लिंडसे यांच्यासह शिकागोला झाली. लिंडसे त्या वर्षी खेळाडूंची संघटना उभारण्यात पुढे होते आणि शिकागो हा तेव्हा तळाचा संघ होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अदलाबदलीमागचा राग कळतो.

हॉल यांच्या विक्रमाकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे. संपूर्ण नॅशनल हॉकी लीगमध्ये तेव्हा सहा संघ होते आणि प्रत्येक संघ एकच गोलरक्षक बाळगत असे. जगात या कामाच्या अशा सहाच जागा होत्या, आणि एखादी जागा किती सहज जाते हे हॉल यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. ऑक्टोबर 1955 पासून 70 सामन्यांचे सात हंगाम आणि आठव्या हंगामातले बारा सामने, असे सलग 502 सामने ते पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत खेळले, आणि तेही मुखवट्याशिवाय. दीडशे ग्रॅमहून जड, गोठवून टणक केलेली रबरी चकती उघड्या चेहऱ्याच्या रोखाने येत असे. 1957 च्या बाद फेरीत बॉस्टनविरुद्ध ती त्यांच्या तोंडावर बसली, तेव्हा टाके घालून घेऊन ते त्याच सामन्यात पुन्हा उभे राहिले.

ताणाची किंमत शरीर मोजतच होते. सामन्यापूर्वी, कधीकधी मध्यंतरातही, त्यांना उलटी होत असे, आणि तसे झाले म्हणजे आपण खेळायला तयार आहोत, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. एवढी धास्ती बाळगणारा माणूस खेळात मात्र विलक्षण धीट होता. इतर गोलरक्षक शक्यतो उभे राहून गोल अडवत असताना हॉल गुडघे जवळ आणून पावले बाहेर फाकवत, त्यामुळे खालचा कोपरा झाकला जाई. पुढच्या पिढ्यांनी हीच ‘बटरफ्लाय’ शैली विकसित केली. 1961 च्या उपांत्य फेरीत सलग पाच वर्षे लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकलेल्या माँट्रियालला त्यांनी शेवटच्या दोन्ही सामन्यांत एकही गोल करू दिला नाही, आणि शिकागोने 1938 नंतर प्रथमच तो कप जिंकला.

7 नोव्हेंबर 1962 रोजी बॉस्टनविरुद्ध पाठीच्या दुखण्याने त्यांना पहिल्याच सत्रात बाहेर पडावे लागले आणि ही मालिका थांबली. पुढे ते सेंट लुइसला गेले. 1968 च्या अंतिम फेरीत त्यांचा संघ चारही सामने हरला, तरी प्रत्येक पराभव एकाच गोलाचा होता, आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक पराभूत हॉल यांनाच मिळाला. माझ्या मते त्यांच्या साऱ्या सन्मानांत हा सर्वांत न्याय्य होय.

एव्हाना लीगने सामन्यासाठी दोन गोलरक्षक ठेवणे सक्तीचे केले होते. 1968-69 मध्ये हॉल यांनी मुखवटा स्वीकारला आणि चाळिशीला पोहोचलेल्या जाक प्लांट यांच्याबरोबर सेंट लुइसचा गोल वाटून घेतला. त्या हंगामात दोघांनी मिळून तेरा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना शून्यावर रोखले आणि गोलरक्षकांसाठीची वेझिना ट्रॉफी एकत्र स्वीकारली.