एकशे सत्तावीस घरांचा पट

[दृश्य: बुद्धिबळाचा पट. कोपऱ्यातल्या घरात गव्हाचा एक दाणा.]

पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. राजाकडे मागितलेल्या या बक्षिसाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. चौसष्ट घरं भरली की दाण्यांची एकूण संख्या 5 या अंकाने संपते. म्हणजे पाच जणांत ढीग सारखा वाटता येतो. पण पटाला 127 घरं असती तर?

[पडद्यावर एकेक अंक उमटतो.]

170141183460469231731687303715884105727.

एकोणचाळीस अंक. दोनचा 127 वा घात, वजा एक. या ढिगाचे सारखे वाटे पडतच नाहीत. एकाने सगळा उचलायचा, नाहीतर दाण्यागणिक एक माणूस उभा करायचा. ही मूळ संख्या आहे.

फ्रेंच धर्मगुरू मरीन मर्सेन यांनी 1644 मध्येच तसं लिहून ठेवलं होतं. पण पुरावा नाही. आणि दोनच्या कोणत्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, या त्यांच्या यादीतले 67 आणि 257 हे घात पुढे चुकीचे निघाले. मग भागून बघावं? वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागायचं, तर सेकंदाला एक अब्ज भागाकार करणाऱ्या यंत्रालाही चारशेच्या वर वर्षं लागतील.

1876 मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी विभाजक शोधायचा नादच सोडला. त्यांच्या कल्पनेला अमेरिकन गणिती लेहमर यांनी 1930 मध्ये दिलेलं सुटसुटीत रूप असं: 31 घ्या, म्हणजे दोनचा पाचवा घात वजा एक. 4 पासून निघा. वर्ग करा, दोन वजा करा, 31 ने भागून बाकी ठेवा. 4 चे झाले 14, 14 चे 8, आणि 8 चे शून्य. तीन पायऱ्यांत शून्य आलं, 31 मूळ ठरली. आपल्या संख्येसाठी पायऱ्या 125.

[दृश्य: मोठा पट, त्यावर सरकणारी प्यादी.]

एवढे प्रचंड वर्ग करायचे कसे? ल्युका यांनी पटच मांडला, 127 घरं लांब, 127 रुंद. प्यादं म्हणजे एक, रिकामं घर म्हणजे शून्य. एका स्तंभात दोन प्यादी जमली की ती उचलायची आणि डावीकडच्या स्तंभात एक ठेवायचं. खरी गंमत कडेला आहे. डावीकडून बाहेर पडलेलं प्यादं उजवीकडून पुन्हा आत येतं, कारण दोनच्या 127 व्या घाताला या संख्येने भागलं की बाकी एकच उरते. भागाकार असा सरकवण्यातच उरकतो!

सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या हा तिचा मान 1951 पर्यंत टिकला. 2024 मध्ये सापडलेल्या, चार कोटींहून जास्त अंकांच्या मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झालं तेही याच कसोटीने.

[पडद्यावर: 2, 3, 7, 127]

दोनचा दुसरा घात वजा एक, तीन. तिसरा घात वजा एक, सात. सातवा घात वजा एक, 127. त्यापुढे आपली संख्या. चारही वेळा मूळ संख्याच आली. पाचव्यांदा येते का, कोणालाच माहीत नाही. कारण त्यासाठी पट मांडायचा, तर त्याच्या एका ओळीतच घरं लागतील 170141183460469231731687303715884105727.