मिरच्या कुठे गेल्या?

श्रोतेहो, नमस्कार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक मावशी मिरच्या विकायला बसतात. हरमलच्या मिरच्या. खाली गोणपाट, त्यावर सुक्या मिरच्यांचा ढीग आणि डोक्यावर ऊन अडवायला बांधलेली निळी ताडपत्री. गेल्या वर्षी मी त्यांचा फोटो काढला. फिल्मच्या कॅमेऱ्याने, ब्लॅक अँड व्हाइट रोलवर. आठ बाय दहाचा प्रिंट करून नेऊन दिला. मावशींनी हात पदराला पुसले, प्रिंट उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "म्हजो फोटो बरो जाला. पूण मिरसांगो खंय?"

मिरच्या होत्या की! ढीगभर होत्या. पण गर्द लाल रंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काळपट राखाडी होतो. ज्या मालासाठी ही बाई पहाटे उठून बसने म्हापशाला येते, तो माझ्या फोटोत वाळलेल्या पाल्यासारखा दिसत होता. मी घरी आलो तो हा प्रश्न घेऊनच.

आज त्याबद्दलच बोलणार आहे. कॅमेऱ्यात कुठला रोल घालावा, आणि थोरांकडून शिकायचं म्हणजे त्यांचं नेमकं काय घ्यायचं.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांना रस्त्यावरच्या फोटोचं वेड लागलं ते फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्टिए-ब्रेसाँ यांच्यामुळे. जन्म १९०८, मृत्यू २००४. छोटा लायका कॅमेरा, त्याचे चकाकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकलेले, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. बहुतेक वेळा ५० मिलिमीटरची एकच लेन्स. फ्लॅश नाही. फ्रेम जशी टिपली तशीच छापायची, कडा कापायच्या नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. नंतरची अंत्ययात्राही त्यांनी टिपली. त्यांचं सगळं गाजलेलं काम ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत फिल्मबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. फिल्म धुण्यात आणि प्रिंट काढण्यातही ते रमले नाहीत, ते काम विश्वासातल्या माणसांकडे असे. त्यांचा वेळ रस्त्यावर जायचा.

आता दुसरं नाव. रघुवीर सिंह, जयपूरचे, जन्म १९४२. १९६६ मध्ये कार्टिए-ब्रेसाँ जयपूरला आले असताना या तरुणाने त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. विचार करा, चोविशीतला मुलगा आणि समोर साक्षात गुरू! हा माणूस गर्दीत कसा शिरतो, कुठे थांबतो, कॅमेरा डोळ्याला कधी लावतो, सगळं हाताच्या अंतरावर. असा मुलगा पुढे जन्मभर गुरूसारखेच फोटो काढत बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

रघुवीर सिंहांनी मात्र रंगीत फिल्म धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. चालणं गुरूचं, थांबणं गुरूचं, हातातला छोटा कॅमेराही तसाच. रोल तेवढा आपला. रंग हा भारतीय माणसाच्या जगण्यातच मुरलेला आहे, असं ते ठामपणे मांडत. त्यांची फिल्म होती कोडाक्रोम. ती त्या काळी भारतात सहजी मिळत नसे. परदेशी मासिकांची कामं करताना ती त्यांच्या हाती येई. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. कोडाक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं.

मला यातली जोखीम फार मोठी वाटते. कोडाक्रोम ६४ ही स्लाइड फिल्म, म्हणजे धुतली की थेट चित्रच हाती येतं, नंतर सावरायला जागा नाही. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उजेड मोजण्यात अर्ध्या स्टॉपची चूक झाली तरी चित्र फिकं पडायचं किंवा बुडायचं. ब्लॅक अँड व्हाइटची ४०० स्पीडची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म त्या मानाने आईच्या मायेची. एक-दोन स्टॉप जास्त उजेड घेतला तरी सांभाळून घेते. ती घालून रस्त्यावर उतरलं की डोकं मोकळं राहतं. गोव्याच्या भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवायचं. बाजारातल्या ताडपत्रीखाली शिरलं की एफ/४ ला १/१२५. मीटरकडे बघायचीही गरज पडत नाही. आणि ती निळी ताडपत्री! तिच्याखाली माणसांचे चेहरे निळसर होतात, मिरच्या जांभळट दिसतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तीच ताडपत्री नुसता मऊ, सारखा उजेड देते. म्हणून तर मी तो रोल घातला होता. खरं सांगतो, ती निवड सोयीची होती. मावशींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

मग मी काही महिने एकच केलं. एका जागेला एक रोल, आणि तो संपेपर्यंत बदलायचा नाही. रायबंदरहून चोडण्याला जाणारी फेरीबोट मी पावसात काढली, ब्लॅक अँड व्हाइटवर. भिजलेल्या स्कूटर, प्लास्टिकच्या टोप्या, नदी आणि आभाळ एकाच राखाडीत मिसळलेलं. तिथे रंग असते तर एखाद्या लाल रेनकोटाने सगळं लक्ष ओढून घेतलं असतं. दिवाळीत नरकासुराचे पुतळे मिरवतात त्या रात्रीसाठी सिनेमाची टंग्स्टन फिल्म घातली, म्हणजे दिव्यांच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली, ५०० स्पीडची. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात ती रंग सावरून धरते. फक्त अशा बऱ्याच फिल्मच्या पाठीवर काळा कार्बनचा थर असतो, तो आधी काढल्याशिवाय ती साध्या कलर लॅबच्या मशीनमध्ये घालू नये. लॅबवाल्याला रोल देतानाच सांगून ठेवा.

आणखी एक गुरू आहेत, त्यांचीही एक सवय मी घेतली आहे. न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड. ते काढलेले रोल मुद्दाम बरेच महिने धुवायचे नाहीत. फोटो काढताना मनात जो आनंद असतो तो विरून जावा आणि चित्राकडे परक्यासारखं बघता यावं, म्हणून. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले मागे राहिले होते. आपल्याकडे, गोव्यात, असं करता येत नाही. फोटो काढून झालेला रोल पावसाळाभर कपाटात ठेवला तर दमट हवेने फिल्मवर उमटलेली, अजून न धुतलेली प्रतिमा फिकी होत जाते, बुरशीचं भय वेगळंच. म्हणून मी रोल लगेच धुतो आणि कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलवरच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात छापलेला कागद, लिफाफ्यात बंद करून ठेवतो. जूनमधलं चतुर्थी झाल्यावर उघडायचं. नवे रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर डबी एक-दोन तास उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

त्या लिफाफ्यांमधून निघालेले फेरीबोटीचे फोटो मला आजही आवडतात. मावशींचा तो पहिला फोटो मात्र बाजूला काढून ठेवला आहे. चेहरा चांगला आला आहे, हातावरच्या शिरा सुरेख आल्या आहेत, पण तो म्हापशाचा बाजार नव्हे.

गेल्या शुक्रवारी परत गेलो. कॅमेऱ्यात रंगीत रोल, २०० स्पीडचा. दुपारची वाट पाहिली नाही. सकाळी आठला, ऊन तिरकं होऊन ताडपत्रीच्या खालून आत येतं तेव्हा पोचलो. तो उजेड थेट ढिगावर पडतो आणि निळी छटा मागच्या भिंतीपुरती उरते. मावशींनी ओळखलं. कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आयज मिरसांगो येतल्यो मरे?" मी म्हटलं, येतील. त्यांनी ढीग दोन्ही हातांनी वर ओढला, वरच्या दोन वाकड्या मिरच्या काढून बाजूला टाकल्या आणि मग गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्या वळतानाच मी बटण दाबलं.

अर्धा किलो मिरच्या घेतल्या. रोलच्या बावीस फ्रेम झाल्या आहेत, चौदा उरल्या आहेत. उद्या पुन्हा शुक्रवार आहे.

नमस्कार.